रोजच्या भाजीतील सत्त्व अंगी कसे लागेल?



भाजीपाल्याचे पीक घेताना आपण बियाण्यापासून बाजारापर्यंत डोळ्यांत तेल घालून लक्ष देतो. पाणी वाया जाऊ नये, खत फुकट जाऊ नये म्हणून झटतो. मात्र तीच भाजी घरच्या चुलीवर चढते तेव्हा तिच्यातील सत्त्व किती टिकले आणि त्यातले किती अंगी लागले, याचा हिशोब सहसा कोणी मांडत नाही.

हा हिशोब मांडण्याची गरज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ४८ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण सुमारे ५४ टक्क्यांवर गेले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांमध्ये तर ते सुमारे ५४ वरून ६९ टक्क्यांवर पोहोचले. ज्या घरांच्या बांधावर शेवगा उभा आहे आणि वाफ्यात मेथी-माठ डुलतो आहे, अशी घरेही यातून सुटलेली नाहीत. रक्तक्षय झालेली बाई लवकर थकते, तिला धाप लागते. बाळंतपणात तिच्या जिवाला धोका वाढतो. रक्तक्षय झालेल्या मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नाही.

रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. तरीही घरात पिकलेल्या भाजीचा पूर्ण लाभ घेणे हा एक उपाय आपल्या हातात आहे. त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही. भाजी काढणे, धुणे, चिरणे, शिजवणे व वाढणे या नेहमीच्या कामांत थोडा बदल पुरेसा होतो. या लेखात त्याची माहिती दिली आहे.

१. असणे वेगळे, लागणे वेगळे

चुनखडीच्या जमिनीत भुईमूग किंवा ऊस पिवळा पडतो, हे आपण पाहतो. अशा जमिनीत लोह नसते असे नाही. लोह भरपूर असते, पण चुन्यामुळे ते पिकाच्या मुळांना घेता येत नाही अशा रूपात अडकलेले असते. म्हणून हिराकस शेणखतात मुरवून देण्याची शिफारस केली जाते. शेणखतातील सेंद्रिय आम्ले लोहाला मुळांना घेता येईल अशा रूपात ठेवतात.

आपल्या पोटातही काहीसे असेच घडते. भाकरी, डाळ व पालेभाजी यांत लोह असते. परंतु धान्य-कडधान्यातील फायटेट आणि चहातील टॅनिन ही द्रव्ये त्या लोहाला बांधून ठेवतात. शाकाहारी जेवणातील लोहापैकी साधारणतः ५ ते ८ टक्के लोहच शरीरात शोषले जाते असे मानतात. बाकीचे तसेच बाहेर पडते. इथे शेणखतातील आम्लांचे काम लिंबू, आवळा, पेरू यांतील जीवनसत्त्व ‘क’ करते.

म्हणून प्रत्येक भाजीबाबत दोन प्रश्न विचारावेत. पहिला, तिच्यातील सत्त्व ताटात येईपर्यंत टिकते का? दुसरा, टिकलेले सत्त्व अंगी लागते का? या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक सत्त्वासाठी सारखी नाहीत. त्यामुळे ‘सर्व भाज्या कच्च्या खाव्यात’ किंवा ‘सर्व भाज्या चांगल्या शिजवाव्यात’ असा एकच नियम करता येत नाही.

२. सत्त्वांचे स्वभाव ओळखा

(अ) पाण्यात विरघळणारी सत्त्वे : जीवनसत्त्व ‘क’, फॉलिक आम्ल व ‘ब’ गटातील इतर जीवनसत्त्वे. ही पाण्यात उतरतात. त्यांतील जीवनसत्त्व ‘क’ सर्वांत नाजूक असते. उष्णता, हवा व वेळ या तिन्हींनी ते कमी होते.

(ब) तेलात विरघळणारी सत्त्वे : गाजर, लाल भोपळा व हिरव्या पालेभाज्यांतील कॅरोटीन. यापासून शरीर जीवनसत्त्व ‘अ’ तयार करते. टोमॅटोचा लाल रंग देणारे लायकोपीनही याच गटातील आहे. ही साध्या शिजवण्याने फारशी नष्ट होत नाहीत. उलट शिजवल्यावर व सोबत थोडे तेल असल्यावर ती अधिक अंगी लागतात.

(क) खनिजे : लोह, कॅल्शियम इत्यादी. उष्णतेने ती नष्ट होत नाहीत. मात्र भाजी उकळून पाणी फेकले तर काही अंश पाण्याबरोबर जातो. त्यांचा खरा प्रश्न शोषणाचा आहे.

राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद यांच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार आपल्या नेहमीच्या चार पालेभाज्यांतील प्रमाण पुढे दिले आहे.

तक्ता : खाण्यायोग्य १०० ग्रॅम ताज्या पाल्यातील प्रमाण (सुमारे, मि.ग्रॅ.)

शेवग्याचा पाला : जीवनसत्त्व ‘क’ १०८, लोह ४.६, कॅल्शियम ३१४
हिरवा माठ : जीवनसत्त्व ‘क’ ८४, लोह ४.६, कॅल्शियम ३३०
मेथी : जीवनसत्त्व ‘क’ ५८, लोह ५.७, कॅल्शियम २७४
पालक : जीवनसत्त्व ‘क’ ३०, लोह ३.०, कॅल्शियम ८२

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दररोज २९ मि.ग्रॅ. लोह व ६५ मि.ग्रॅ. जीवनसत्त्व ‘क’ लागते. प्रौढ पुरुषासाठी हे प्रमाण अनुक्रमे १९ व ८० मि.ग्रॅ. आहे. तक्त्यावरून दिसेल की पालकाचे नाव मोठे असले, तरी बांधावरचा शेवगा आणि वाफ्यातला माठ त्याच्यापेक्षा सरस आहेत. मात्र हे आकडे ताज्या, कच्च्या पाल्याचे आहेत. ताटात त्यातले किती येते, हे पुढील कामांवर अवलंबून असते.

३. काढणी व साठवण

भाजी खुडल्यावरही तिचा श्वासोच्छ्वास चालू असतो. उन्हात व उकाड्यात तो वाढतो, भाजी कोमेजते आणि जीवनसत्त्व ‘क’ झपाट्याने घटते. म्हणून पुढीलप्रमाणे काळजी घ्यावी.

• घरच्या वापराची पालेभाजी लागेल तेवढीच, शक्यतो स्वयंपाकाच्या वेळी खुडावी.
• बाजारासाठीची काढणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी करावी. माल सावलीत ठेवावा व ओल्या गोणपाटाने झाकावा.
• फवारणीनंतर लेबलवर दिलेला प्रतीक्षा काळ पूर्ण झाल्याशिवाय भाजी काढू नये, मग ती बाजारासाठी असो वा घरासाठी. भाजीच्या आत भिनलेले आंतरप्रवाही कीटकनाशक धुण्याने जात नाही.
• साठवणीसाठी शून्य ऊर्जा शीतकक्ष उपयुक्त आहे. नवी दिल्ली येथील भारतीय कृषि संशोधन संस्थेने तो विकसित केला. विटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ७.५ सें.मी. जागा ठेवून त्यात वाळू भरतात. वाळू सकाळ-संध्याकाळ पाण्याने भिजवतात आणि वर सावली करतात. कोरड्या उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून अधिक कमी राहू शकते. दमट पावसाळी हवेत मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही.
• मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला वाळवून ठेवायचा असल्यास सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरून वाळवावा. कडक उन्हात कॅरोटीन नष्ट होते. वाळवलेल्या पाल्यात जीवनसत्त्व ‘क’ फारसे उरत नाही, पण खनिजे टिकतात.

फ्लॉवर, मुळा, बीट व नवलकोल यांचा कोवळा पाला अनेकदा शेतातच टाकला जातो किंवा गुरांपुढे जातो. या पाल्यात कंदापेक्षा वा गड्ड्यापेक्षा कितीतरी अधिक कॅरोटीन व कॅल्शियम असते. निदान घरापुरता तरी तो जरूर वापरावा.

४. निवडणे, धुणे व चिरणे

आधी धुवावे, मग चिरावे. चिरलेली भाजी धुतली की कापलेल्या कडांतून पाण्यात विरघळणारी सत्त्वे निघून जातात. चिरून पाण्यात घालून ठेवलेल्या भाजीचे नुकसान त्याहून अधिक होते. पालेभाजी परातीत भरपूर पाण्यात दोन-तीन वेळा खळबळून काढावी, म्हणजे माती तळाशी बसते. बाजारची भाजी मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून नंतर स्वच्छ पाण्याने धुवावी.

वांगे व बटाटा चिरल्यावर काळे पडतात म्हणून पाण्यात टाकण्याची पद्धत आहे. ते आयत्या वेळी चिरून थेट फोडणीत टाकले तर पाण्याची गरज पडत नाही.

चिरताना फोडी फार लहान करू नयेत. फोड जितकी लहान, तितका हवेशी व पाण्याशी संपर्क अधिक. बटाटा, रताळे, बीट हे शक्यतो सालीसकट, अखंड उकडावेत व नंतर सोलावेत. दुधी, दोडका, काकडी यांची साल अगदी पातळ काढावी. दोडक्याच्या शिरांची चटणी आपल्याकडे पूर्वापार करतात, ती पद्धत सोडू नये.

कारल्याला मीठ चोळून पिळून काढले की कडवटपणाबरोबर जीवनसत्त्व ‘क’ सुद्धा जाते. कडवटपणा कमी करण्यासाठी चिंच, गूळ किंवा कांदा यांचा वापर करावा. पिळायचेच असल्यास तो रस आमटीत वापरावा.

लसूण चिरून लगेच तेलात टाकण्याऐवजी ठेचून सुमारे १० मिनिटे ठेवावा. लसणातील गुणकारी गंधकयुक्त द्रव्ये ठेचल्यानंतर तयार होतात व त्यांना थोडा वेळ लागतो. भाजी निवडण्याआधी लसूण ठेचून ठेवला की वेगळा वेळ जात नाही.

५. शिजवण्याची योग्य रीत

भरपूर पाण्यात भाजी उकळून पाणी ओतून दिले, तर जीवनसत्त्व ‘क’ निम्मे किंवा त्याहूनही अधिक जाऊ शकते. त्यामुळे पुढील गोष्टी पाळाव्यात.

• ताटलीत पाणी ठेवून वाफेवर शिजवणे ही आपली जुनी रीत सर्वांत चांगली. भाजी फोडणीला टाकून वर पाणी भरलेली ताटली ठेवावी. भाजी अंगच्या पाण्यातच शिजते, लागत नाही. जरूर पडली तर ताटलीतले गरम पाणी भाजीत घालता येते.
• उकडायचेच असेल तर पाणी आधी उकळून घ्यावे आणि मग भाजी टाकावी. थंड पाण्यात टाकून तापवल्यास भाजी अधिक वेळ गरम पाण्यात राहते.
• उकडलेल्या भाजीचे पाणी आमटीत, कढणात किंवा भाकरीचे पीठ मळताना वापरावे.
• झाकण ठेवून शिजवावे. भाजी लवकर शिजते, सरपण किंवा गॅसही वाचतो. झाकण काढले की पालेभाजीचा हिरवा रंग खुलतो हे खरे, पण केवळ रंगासाठी सारा वेळ उघडे शिजवणे परवडणारे नाही.
• हिरवा रंग टिकावा किंवा डाळ लवकर शिजावी म्हणून खाण्याचा सोडा घालू नये. सोड्यामुळे जीवनसत्त्व ‘क’ आणि ‘ब१’ नष्ट होतात. डाळ व कडधान्ये आधी भिजवली की सोड्याची गरज उरत नाही.
• कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात भाजी, विशेषतः आंबट पदार्थ, शिजवू नयेत. तांब्याच्या संपर्काने जीवनसत्त्व ‘क’ वेगाने नष्ट होते. शिवाय आंबटामुळे तांबे अन्नात उतरून विषबाधा होऊ शकते.
• एकदा केलेली भाजी वारंवार गरम करू नये. जेवढी लागेल तेवढीच काढून गरम करावी.

प्रेशर कुकरमध्ये उष्णता अधिक असली तरी वेळ व पाणी दोन्ही कमी लागतात, त्यामुळे कडधान्ये, बटाटे, बीट यांच्यासाठी कुकर चांगला आहे. कोवळी पालेभाजी मात्र कढईतच करावी. ती पाच-सात मिनिटांत शिजते आणि कुकरमध्ये गळून जाते.

६. लोह अंगी लागण्यासाठी

(१) आंबटाची जोड द्यावी : पालेभाजी, उसळ किंवा भाकरी खाताना त्याच जेवणात लिंबू, पेरू, आवळा, कच्चा टोमॅटो किंवा कोबीची कोशिंबीर असावी. लिंबू शिजताना न पिळता ताटात पिळावे. चिंच व आमसुलाने चव येते, पण जीवनसत्त्व ‘क’ साठी लिंबू, आवळा व पेरू अधिक भरवशाचे आहेत. आवळ्याच्या हंगामात त्याचा कीस किंवा ठेचा रोज थोडा जेवणात घ्यावा.

(२) चहाला जेवणापासून दूर ठेवावे : आपल्याकडे सकाळी चहासोबत भाकरी-चपाती खाण्याची सवय आहे. जेवणासोबत घेतलेल्या चहामुळे त्या जेवणातील लोहाचे शोषण निम्म्याहून कमी होऊ शकते. चहा जेवणाच्या आधी किंवा नंतर किमान एक तासाच्या अंतराने घ्यावा. साऱ्या लेखातील एकच सूचना पाळायची असेल, तर ही पाळावी.

(३) लोखंडी भांडी वापरावीत : लोखंडी तवा, बिडाची कढई यांत शिजवलेल्या, विशेषतः आंबट पदार्थांत थोडे लोह उतरते. भाजी काळपट दिसते म्हणून घाबरू नये. मात्र शिजल्यावर भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी व कढई कोरडी करून ठेवावी.

(४) कडधान्याला मोड आणावेत : मटकी, मूग, चवळी रात्रभर भिजवून फडक्यात बांधून ठेवली की मोड येतात. मोड येताना फायटेट कमी होते व जीवनसत्त्व ‘क’ नव्याने तयार होते. मोडाची उसळ अर्धवट कच्चट न ठेवता, पण फार गाळ न करता वाफवावी. लहान मुले व गरोदर स्त्रियांना कच्चे मोड देऊ नयेत, त्यांत जंतूंची वाढ झालेली असू शकते.

७. कॅरोटीनसाठी तेल हवे, पण बेताचे

गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, माठ, मेथी यांतील कॅरोटीन पेशींच्या आत घट्ट बांधलेले असते. शिजवल्याने किंवा किसल्याने पेशी फुटतात आणि ते मोकळे होते. ते आतड्यातून शोषले जाण्यासाठी त्याच जेवणात थोडी स्निग्धता लागते. माणशी एक लहान चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम तेल त्यासाठी पुरेसे आहे. भाजीवर तेलाचा तवंग आणण्याची गरज नाही. शेंगदाण्याचे कूट, तीळ, कारळे किंवा जवसाची चटणी यांतूनही ही स्निग्धता मिळते. गाजराची कोशिंबीर करताना वर शेंगदाण्याचे कूट व तेलाची फोडणी घालण्याची आपली पद्धत या दृष्टीने अगदी योग्य आहे.

टोमॅटोचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टोमॅटो ८८ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवले. त्यात जीवनसत्त्व ‘क’ सुमारे २९ टक्क्यांनी घटले, पण शरीराला घेता येण्याजोगे लायकोपीन दुपटीहून अधिक वाढले. म्हणजे टोमॅटोचे सार आणि टोमॅटोची कोशिंबीर ही एकमेकांची जागा घेत नाहीत, दोन्ही आलटून पालटून ताटात असावीत.

८. पालक, अळू आणि कॅल्शियम

पालकात ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य भरपूर असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते. त्यामुळे पालकातील कॅल्शियम फारच थोडे अंगी लागते. माठातही ऑक्झॅलेट बरेच असते. मग पालक उकळून पाणी फेकावे का? तसे केल्यास ऑक्झॅलेटचा काही भाग जातो, पण त्याबरोबर फॉलिक आम्ल व जीवनसत्त्व ‘क’ सुद्धा जाते. म्हणून सर्वसाधारण निरोगी माणसाने पालक कमी पाण्यात शिजवून खावा, परंतु कॅल्शियमसाठी त्यावर विसंबू नये. कॅल्शियमसाठी दूध, ताक, नाचणी, तीळ, मेथी व शेवग्याचा पाला यांवर भर द्यावा. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी पालक, माठ व अळू यांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

अळूची खाज त्यातील कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे येते. म्हणून अळू पूर्ण शिजवावा व त्यात चिंच किंवा आमसूल घालावे. अर्धवट शिजलेला अळू खाऊ नये.

९. शेतावरची शिदोरी आणि मागे राहिलेले ताट

शेतकरी कुटुंबात भाजी सकाळी सहा-सातला होते आणि शेतावर ती दुपारी एक-दोनला खाल्ली जाते. घरातील बाई तर सर्वांचे झाल्यावर, उरलेली भाजी पुन्हा गरम करून जेवते. तोवर भाजीतील जीवनसत्त्व ‘क’ बरेचसे संपलेले असते. ज्या व्यक्तीला लोहाची गरज सर्वांत अधिक, तिच्याच ताटात लोह अंगी लावणारे सत्त्व सर्वांत कमी, असा हा उलटा हिशोब आहे.

यावर उपाय सोपा आहे. जीवनसत्त्व ‘क’ शिजलेल्या भाजीत शोधत बसू नये, ते जेवताना ताज्या रूपात घ्यावे. शिदोरीत अर्धे लिंबू, एक पेरू किंवा आवळा अखंड बांधून न्यावा व जेवताना चिरावा. कांदा-टोमॅटो आयत्या वेळी फोडावा. घरातही कोशिंबीर सर्वांची पाने वाढताना करावी आणि घरातील बाईने शक्यतो सर्वांबरोबर जेवावे. पालेभाजी थोडीच असेल तर तिचा पहिला वाटा गरोदर व स्तनदा माता, किशोरवयीन मुली आणि लहान मुले यांना द्यावा. हे काम एकट्या बाईचे नाही. घरातील पुरुषांनी आणि सासूबाईंनी ते मनावर घेतले तरच घडते.

१०. एका दिवसाचा नमुना

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत माणशी दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे घ्यावीत असे सांगितले आहे. गावाकडच्या घरात ते पुढीलप्रमाणे जमू शकते.

सकाळची न्याहारी : भाकरी, मोडाची उसळ, वर लिंबू व कोथिंबीर. चहा यानंतर किमान एक तासाने.

दुपारी शेतावर : ज्वारी किंवा बाजरीची भाकरी, वाफेवर केलेली मेथीची किंवा माठाची भाजी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, टोमॅटो व एक पेरू.

सायंकाळी : मुलांना उकडलेले रताळे किंवा एखादे हंगामी फळ.

रात्री : भात, शेवग्याचा पाला घातलेली आमटी, लाल भोपळ्याची किंवा गाजराची भाजी, कोबीची कोशिंबीर आणि ताक. शेवग्याचा पाला आमटी उतरवण्याआधी पाच मिनिटे घालावा.

११. काही धोक्याच्या सूचना

• दुधी, दोडका किंवा काकडी कडू लागल्यास टाकून द्यावी. कडवटपणा देणारी द्रव्ये विषारी असतात व शिजवूनही जात नाहीत. दुधीच्या रसामुळे झालेल्या विषबाधेबाबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कडू दुधीचा रस अजिबात घेऊ नये, हा त्याचा मुख्य सांगावा आहे. दुधीचा तुकडा आधी चाखून पाहावा. रस घेतल्यावर उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू झाल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा.
• हिरवे पडलेले किंवा जास्त कोंब फुटलेले बटाटे खाऊ नयेत. बटाटे अंधारात साठवावेत.
• सांडपाण्यावर वाढलेली पालेभाजी कच्ची खाऊ नये.

१२. गोळ्यांची जागा भाजी घेत नाही

रक्तातील हिमोग्लोबिन फार खाली गेले असेल तर केवळ भाजीने ते लवकर भरून येत नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या विनामूल्य दिल्या जातात. आशाताई, अंगणवाडी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करून रक्त तपासून घ्यावे. गोळी चहा किंवा दुधासोबत न घेता पाण्यासोबत किंवा लिंबू-पाण्यासोबत घ्यावी. गोळीने शौचाला काळपट होते, त्याला भिऊन ती बंद करू नये. पोटात जंत असतील तर त्यांचाही उपचार करावा, कारण काही जंत आतड्यातून रक्त शोषतात. गोळीने भरून आलेले रक्त टिकवण्याचे काम मात्र रोजच्या ताटाने करायचे आहे.

घरासाठी वर्षभर ताजी भाजी मिळावी म्हणून सांडपाण्याच्या जागेपासून दूर, विहिरीजवळ किंवा अंगणात लहानशी परसबाग करावी. शेवग्याची दोन झाडे, लिंबू व पेरूचे एकेक झाड आणि माठ, मेथी, कोथिंबीर यांचे आळीपाळीने पेरलेले छोटे वाफे इतके असले तरी लोह आणि ते अंगी लावणारे जीवनसत्त्व ‘क’ दोन्ही घरचेच होतात. बियाणे, लागवड व भाज्यांच्या पाककृती यांबाबत जवळच्या कृषि विज्ञान केंद्रातील गृहविज्ञान व उद्यानविद्या विषयतज्ज्ञांशी संपर्क साधावा.

थोडक्यात, लक्षात ठेवण्याच्या सात गोष्टी

(१) भाजी ताजी खुडावी, सावलीत ठेवावी. (२) आधी धुवावी, मग चिरावी. (३) कमी पाण्यात, झाकण ठेवून, वाफेवर शिजवावी आणि सोडा घालू नये. (४) उकडलेले पाणी फेकू नये. (५) प्रत्येक जेवणात ताटातच लिंबू, आवळा किंवा पेरू असावा. (६) चहा जेवणापासून किमान एक तास दूर ठेवावा. (७) हिरव्या, केशरी भाज्यांसोबत माणशी चमचाभर तेल किंवा तेलबियांची चटणी असावी.

येत्या आठवड्यापासून यांतील निदान पाचवी व सहावी गोष्ट घरात सुरू करावी. त्यासाठी पैसा लागत नाही आणि वेळही लागत नाही. त्या अंगवळणी पडल्या की बाकीच्या एकेक करून जोडाव्यात.